हिरव्या द्राक्षात अडलेला रंग

थंडीच्या दिवसांत नाशिककडच्या एखाद्या द्राक्षबागेत शिरलात, तर मांडवाखाली घडांऐवजी वर्तमानपत्रंच लोंबताना दिसतील. एकेका घडाला कागद गुंडाळायचं हे किचकट काम चालतं ते 'पिंक बेरी'च्या धास्तीने. रात्री कडाका आणि दुपारी चांगलं ऊन पडलं, की हिरव्या 'थॉमसन' जातीच्या मण्यांवर गुलाबी झाक चढते. असा माल निर्यातीत बाद होतो. वर्षभराच्या कष्टांवर पाणी! पण हिरव्या द्राक्षात हा गुलाबी रंग येतोच कुठून?

काळं द्राक्ष सोलून पाहा. आतला गर हिरवटच असतो, रंग सगळा सालीत. हे अँथोसायनिन, जांभळाला आणि कोकमाला रंग देणारं तेच रंगद्रव्य. पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागेपर्यंत, काळ्या जातीचा मणीही हिरवा, टणक आणि आंबटढाण असतो. पाणी उतरू लागलं की मण्यात साखर आणि अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं (आंब्या-केळ्यासारखा पिकण्याचा सगळा भार इथे इथिलीन वायूवर नसतो) आणि सालीत 'एमवायबीए१' नावाचं जनुक जागं होतं. ते स्वतः रंग बनवत नाही. ते मुकादम आहे. रंग बनवणाऱ्या जनुकांना ते कामाला लावतं. त्यातलं 'यूएफजीटी' हे जनुक महत्त्वाचं, कारण त्यापासून बनणारं विकर रंगाच्या रेणूला साखर जोडतं, म्हणून तो टिकतो.

हिरव्या द्राक्षात 'यूएफजीटी' धडधाकट असतं. कामगार हजर, पण हाक मारणारं कुणी नाही. असं का, ते जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. 'एमवायबीए१'च्या अगदी तोंडाशी सुमारे 10 हजार अक्षरांचा एक उपरा डीएनए घुसून बसला होता. हे एक 'उडतं जनुक', म्हणजे डीएनएत एका जागेवरून दुसरीकडे जाऊन बसू शकणारा तुकडा. मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके न्याहाळत बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी अशी जनुकं ओळखली आणि त्यासाठी त्यांना 1983 चं नोबेल मिळालं. शेजारचा दुसरा मुकादम, 'एमवायबीए२', अक्षरांच्या चुकांमुळे निकामी झालेला. म्हणजे हिरवं द्राक्ष हे मुळात रंग हरवलेलं काळं द्राक्ष आहे! मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

हरवलेला रंग कधी परतही येतो. ब्राझीलमध्ये हिरव्या 'इटालिया' जातीच्या वेलीला लाल घड आले. तपासलं तेव्हा तो उपरा तुकडा जवळजवळ सगळा गळून पडला होता, मागे फक्त त्याचं एक टोक उरलं होतं. तेवढ्याने वाट मोकळी झाली. काडी लावून ती वेल वाढवली आणि 'रूबी ओकुयामा' ही नवी जात मिळाली.

थॉमसनवरची गुलाबी झाकही अँथोसायनिनचीच. हिरव्या सालीतली रंगाची यंत्रणा अगदीच मेलेली नसते, एवढं त्यातून कळतं. कागद ऊन अडवतो आणि तापमानाचा चढउतार थोडा बोथट करतो. लाल 'क्रिमसन' जातीची अडचण मात्र नेमकी उलटी आहे. उकाड्यात मुकादम जनुक मंदावतं, घड फिकट राहतात. म्हणून ज्या गार रात्रीची क्रिमसनवाला वाट पाहतो, त्याच रात्रीच्या भीतीने बांधापलीकडचा थॉमसनवाला रद्दीचे गठ्ठे आणून ठेवतो.