रातराणीच्या वासाने साप येतात का?

"परसात आडोशाला रातराणी लावू नका, वासाने साप येतात," हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. सापाला फुलांशी काही देणंघेणं नाही. जिभेने हवेतले कण टिपून, टाळूतल्या इंद्रियाने तो उंदीर-बेडकांचा माग काढतो. मग भीती आली कुठून? रातराणीच्या फांद्या जमिनीपर्यंत लवतात, खाली पालापाचोळा साचतो, किड्यांमागे बेडूक येतात. बिनवासाच्या जास्वंदीखाली असं गचपण झालं तरी हेच होईल. दिवसाउजेडी बुंध्याशी काठीने पाला सारून पाहा: उंदरांची बिळं, विटांचा ढीग, सांडलेले दाणे. ते आवरा, खालच्या हातभर फांद्या छाटा. खरी काळजी वेगळीच आहे. रातराणीची पांढरी फळं विषारी असतात. घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल, तर जास्वंदच लावा.