हॉर्निमन सर्कल

हॉर्निमन सर्कल : दक्षिण मुंबईच्या फोर्ट भागातील वर्तुळाकार चौक. मधोमध सुमारे अडीच एकरांची बाग आहे. पूर्वेला एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय असलेला टाउन हॉल, तर पश्चिमेला कमानदार इमारतींच्या दोन चंद्रकोरी आहेत. या दोन चंद्रकोरींच्या मधून वीर नरिमन रस्ता सेंट थॉमस कॅथीड्रलवरून हुतात्मा चौकाकडे जातो. चौकाचे जुने नाव एल्फिन्स्टन सर्कल.

ही जागा चौकापेक्षा बरीच जुनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंद शहराच्या मध्यावरचे हे मोकळे मैदान ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणून ओळखले जाई. त्याच्या कडेला १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च आजही उभे आहे. तटाच्या पश्चिमेकडच्या दरवाजाला ‘चर्चगेट’ म्हणू लागले ते याच चर्चमुळे. दरवाजा गेला, तटही पाडला गेला, पण नाव रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले. शहरातली अंतरेही याच चर्चपासून मोजली जात आणि ती दाखवणारे मैलाचे जुने दगड मुंबईत अजून काही ठिकाणी सापडतात.

ग्रीनवर हिरवळ अशी फारशी नव्हतीच. जहाजांवर चढवायच्या कापसाच्या गाठींचे ढीग इथे पडलेले असत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला आणि मैदान ओस पडले. मग तिथे नारळाच्या करवंट्या आणि राडारोडा टाकला जाऊ लागला. मैदानाच्या एका अंगाला मात्र १८३३ साली टाउन हॉल बांधून पूर्ण झाला होता. कर्नल थॉमस कूपर यांनी आखलेल्या या इमारतीला पुढे तीस पायऱ्या आणि डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीचे आठ भव्य खांब आहेत. खांब इंग्लंडहून आले. ते अंदाजापेक्षा इतके मोठे निघाले की सगळे बसवले गेले नाहीत आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले गेले, असे सांगतात. एवढ्या रुबाबदार इमारतीसमोर कचऱ्याचे पटांगण, ही विसंगती पुढच्या योजनेला कारण ठरली.

मैदानाचा गोल चौक करण्याची कल्पना पोलिसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ती उचलून धरली आणि त्यांच्यानंतर आलेल्या सर बार्टल फ्रियर यांनीही तिला पाठबळ दिले. काळ अनुकूल होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता आणि शहरात पैसा धो धो येत होता. सरकारी तिजोरीवर फारसा भार न टाकता योजना कशी उभी राहिली, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. जमीन पालिकेने घेतली, तिचे भूखंड पाडले आणि ते इंग्रज व्यापारी पेढ्यांना नफ्यात विकले. मात्र अट घातली : प्रत्येकाने आत हवी तशी कचेरी बांधावी, दर्शनी भाग सर्वांचा एकच राहील. बाग १८७२ मध्ये पूर्ण झाली.

इमारतींचा आराखडा जेम्स स्कॉट यांचा. त्यात इटालियन धाटणीची छाप आहे आणि घडणीतला मुख्य गुण शिस्त हा आहे. तळमजल्याला सलग कमानदार ओसरी आहे. जुलैच्या पावसात या टोकापासून त्या टोकापर्यंत छत्री न उघडता चालता येते आणि एप्रिलच्या उन्हात दगडी सावली मिळते. कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या दगडात कोरलेले मानवी चेहरे मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून रोज येणाऱ्यांच्याही नजरेतून ते सुटतात. वरच्या मजल्यांच्या खिडक्या आणि कंगोरे एका रेषेत वळत जातात. वेगवेगळ्या मालकांच्या इमारती एकच वास्तू वाटाव्यात, हे त्या अटीचे फळ. टाउन हॉल आणि या चंद्रकोरी यांच्या बांधकामांत तीस-चाळीस वर्षांचे अंतर आहे. एक ग्रीक मंदिराच्या वळणाचा, दुसऱ्या इटालियन. तरी पायऱ्यांवर उभे राहून बागेपलीकडे पाहिले की दोन्ही एकमेकांसाठीच बांधल्यासारख्या वाटतात. मुंबईत इतकी समंजस नगररचना क्वचितच पाहायला मिळते.

शेअर बाजाराचे मूळही इथलेच. १८५० च्या दशकात काही दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमून व्यवहार करत. गर्दी वाढली तशी त्यांना जागा बदलावी लागली. १८७४ मध्ये त्यांनी पुढे ‘दलाल स्ट्रीट’ म्हणून ओळखली गेलेली जागा धरली आणि १८७५ मध्ये त्यांची संघटना रीतसर स्थापन झाली.

मराठी माणसाचे या चौकाशी नाते मुख्यतः टाउन हॉलमुळे जुळले. जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड एशियाटिकच्या संशोधनकार्यात अग्रणी होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा या संस्थेशी दीर्घ संबंध होता आणि दुर्गा भागवत वर्षानुवर्षे इथे वाचत बसत. कितीएक मराठी संशोधकांची टिपणे या पायऱ्या चढूनच तयार झाली.

स्वातंत्र्यानंतर चौकाला बेंजामिन गाय हॉर्निमन (१८७३–१९४८) यांचे नाव देण्यात आले. फिरोजशहा मेहता यांनी सुरू केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे ते संपादक. जन्माने इंग्रज असूनही त्यांनी होमरूलचा पुरस्कार केला आणि रौलट कायद्याविरुद्ध व पंजाबातील दडपशाहीविरुद्ध लेखणी चालवली. एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार करून इंग्लंडला पाठवले. ते १९२६ मध्ये परतले. राज्यकर्त्या गव्हर्नरचे नाव काढून त्या जागी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या इंग्रजाचे नाव यावे, हा बदल विचारपूर्वक केलेला आहे. ‘क्रॉनिकल’चे नंतरचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांचे नाव जवळच्याच रस्त्याला आहे. तिथल्या ‘रेड हाउस’मधून १८२२ साली सुरू झालेले ‘मुंबई समाचार’ निघते.

बागेच्या मध्यावरचे जुने शोभिवंत कारंजे आता नाही. बागेत काळा घोडा महोत्सवाचे कार्यक्रम होतात, एरवी दुपारी आसपासच्या बँकांतले कर्मचारी डबा घेऊन येतात. चंद्रकोरींमधून आजही कचेऱ्या, बँका आणि दुकाने चालतात. जवळच्याच एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ मध्ये स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान उघडले. टाउन हॉलच्या मागे १९८० च्या दशकापासून रिझर्व्ह बँकेचा मनोरा दिसतो. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाल्यापासून अशा वास्तूंचे दर्शनी भाग बदलण्याआधी वारसा समितीचे मत घ्यावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी भूखंड विकताना पालिकेने घातलेल्या अटीचा गाभाही हाच होता.