शेतकचऱ्यावरील बुरशीपासून विकरनिर्मिती

गव्हाचा कोंडा, फळांच्या साली, काडीकुटार अशा टाकाऊ मालावर बुरशी वाढवून तिने बाहेर सोडलेली विकरे, म्हणजे एंझाइमे, गोळा करण्याची ही पद्धत. माल ओलसर असतो, पण त्यात मोकळे पाणी साचलेले नसते. म्हणून तिला घन-अवस्था किण्वन म्हणतात. जोकिची ताकामिने यांनी कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून काढलेल्या अमायलेजचे, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराचे, अमेरिकी पेटंट १८९४ मध्ये घेतले. तबकांत माल पसरून बुरशी वाढवण्याची पद्धत मुळात आजही तीच आहे.

नागपूर परिसरात कच्चा माल भरपूर, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कापसाची वेचणी संपल्यावर उरणारी पऱ्हाटी लाकडासारखी असते आणि लिग्निन या कडक करणाऱ्या घटकामुळे बुरशी सेल्युलोजपर्यंत, म्हणजे आतल्या तंतूंपर्यंत, पोचत नाही. ती दळून, १–२ टक्के कॉस्टिक सोड्यात उकळून, सामू (पीएच) ७ च्या आसपास येईपर्यंत धुवावी लागते. या धुण्यात इतके पाणी जाते की छोट्या कामाला पऱ्हाटी परवडत नाही. भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तणस त्यामानाने सोपे. दोन्हींवर सेल्युलेजसाठी, म्हणजे सेल्युलोज तोडणाऱ्या विकरासाठी, ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी वाढवतात. तिचा मूळ वाण दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सडलेल्या लष्करी कापडावर सापडला होता. कापूस खाणे हा तिचा जुनाच धंदा. संत्र्याच्या सालीत पेक्टिन हा चिकट घटक असतो, म्हणून तिच्यावर ॲस्परजिलस नायजर वाढवून तो तोडणारे पेक्टिनेज काढतात. ते सफरचंद-द्राक्षांचा रस नितळ करायला आणि सुती धाग्यावरचा मेण-पेक्टिनचा थर सैल करायला लागते. संत्र्याचा रस मात्र लोकांना गढूळच हवा असतो.

सालीच्या दोन खोडी आहेत. तिच्यातले लिमोनीन हे तेल बुरशीला रोखते, आणि तिच्यातली आयती साखर मिळाली की बुरशी पेक्टिनेज बनवण्याचे कष्टच घेत नाही. उपाय दोन्हींवर एकच. काप उकळत्या पाण्यात ५ मिनिटे बुडवायचे आणि ते पाणी फेकायचे. मग ६० अंश सेल्सिअसला वाळवून १–२ मिमी दळायचे. पीठ केले तर गच्च बसते आणि हवा कोंडते. बाजारात फेकलेली सडकी संत्री फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. त्यांच्यावर हिरवी पेनिसिलियम आधीच बसलेली असते.

साल आणि कोंडा समभाग घेतात. १ किलो मिश्रणात मुळात १० टक्के ओल असेल, तर एकूण ओल ६० टक्क्यांवर नेण्यासाठी १.२५ लिटर द्रव लागतो. बुरशीचे बीजाणू (तिचे बी) ज्या पाण्यातून मिसळतात, तेही यातच धरायचे. ते विसरले की माल चिखल होतो. दर लिटर पाण्यात अमोनियम सल्फेट १.४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.३ ग्रॅम असे क्षार घालून सामू ५ ठेवतात. हाताची परीक्षा अशी: मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, बोटांतून पाणी गळू नये. पातळ पसरलेला माल १२१ अंशांना २०–३० मिनिटे निर्जंतुक करून पूर्ण थंड करतात आणि दर ग्रॅमला सुमारे १ कोटी बीजाणू मिसळतात.

तबकातला थर २–४ सेंमी, खोलीचे तापमान ३० अंश, आर्द्रता ८५–९५ टक्के. पहिला दिवस शांत जातो. २४ ते ४८ तासांत बुरशी जोमाने वाढते आणि स्वतःच्याच उष्णतेने तापते. जाड थराच्या मध्यावर पारा ४५ च्या पुढे गेला की ती तिथेच थांबते, वरून मात्र पांढरी, छान दिसत राहते. म्हणून तापमापी थरात खुपसूनच पाहावी. या काळात माल एकदाच हलका उलटतात. वारंवार चाळवल्यास कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचे जाळे, तुटते. पेक्टिनेज बहुधा ७२–९६ तासांत काढतात, सेल्युलेजला ५–७ दिवस लागतात.

नागपुरात खरे राज्य ऋतूचे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी, त्यामुळे तबके कडेने वाळतात. त्या दिवसांत घरोघरचा कूलर इथेही कामाचा ठरतो: हवा गारही होते, ओलीही. पण त्याच्या ओल्या गवतातून परकी बुरशी आत येते, म्हणून हवा गाळूनच घ्यावी. पावसाळ्यात ओल आयती मिळते, पण जंतूही वाढतात. माल चिकट होऊन अमोनियाचा वास सुटला, तर बॅसिलस हा जिवाणू घुसला समजावे आणि तबक टाकून द्यावे. ॲस्परजिलस ओरायझी वाढवताना पिवळट-हिरव्या रंगावर भिस्त ठेवू नये. अफ्लाटॉक्सिन हे विष बनवणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस तशीच दिसते.

विकर काढण्यासाठी मालाच्या दहापट सायट्रेट बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात (०.०५ मोलर, सामू ४.८) तासभर हलवून, मलमलीतून पिळून, थंड अपकेंद्रीत (सेंट्रिफ्यूजमध्ये) फिरवतात. सक्रियता डीएनएस रसायनाने ५४० नॅनोमीटरवर मोजतात; विकराने सुटलेल्या साखरेशी ते रंग देते. इथे हमखास फसगत होते. सालीत उरलेली साखरही तोच रंग देते आणि विकर आहे त्याहून जास्त दिसते. उकळून मारलेल्या अर्काचे वाचन वजा केल्याशिवाय आकडा लिहू नये. उरलेला चोथा खतात घालण्याआधी पुन्हा निर्जंतुक करतात आणि सुके तबक उघडताना मास्क लावतात, कारण नायजरच्या बीजाणूंची काळी भुकटी फुप्फुसांना चांगली नाही.