ऑब्जेक्टमधून गुणधर्म काढून टाकणे

प्रोग्रॅम चालू असताना ऑब्जेक्टला (माहिती एकत्र बाळगणाऱ्या घटकाला) जोडलेला गुणधर्म (अ‍ॅट्रिब्यूट) नावासकट नाहीसा करण्याची क्रिया. पायथन, जावास्क्रिप्ट, रूबी, पीएचपी अशा गतिमान भाषांत, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्टची घडण बदलू देणाऱ्या भाषांत, ही सोय आहे. जावा किंवा सी++ मध्ये ती नाही. तिथे कोणती किंमत मेमरीत कुठे बसणार हे क्लासच्या (ज्या साच्यावरून ऑब्जेक्ट बनतात त्याच्या) व्याख्येवरूनच ठरते. त्या जागेतली किंमत बदलता येते, जागा मात्र काढता येत नाही.

काढणे आणि रिकामे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. जावास्क्रिप्टमध्ये गुणधर्माला ‘अनडिफाइन्ड’ (किंमत ठरलेली नाही असे सांगणारी) ही किंमत दिली तरी त्याचे नाव ऑब्जेक्टच्या यादीत राहते. ‘डिलीट’ वापरल्यावरच ते यादीतून जाते.

पायथनमध्ये ‘डेल’ हे विधान किंवा ‘डेलअ‍ॅटर’ हे फंक्शन वापरतात. नाव स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या रूपात) हाती येत असेल तेव्हा दुसरे सोयीचे. समजा, ‘खाते’ या क्लासवर ‘मर्यादा’ १०० आहे आणि एका खात्यावर ती वेगळी, ५०० ठेवली आहे. त्या खात्याची ‘मर्यादा’ काढली आणि लगेच वाचली, तर त्रुटी येत नाही, १०० मिळतात. ऑब्जेक्टवरची नोंद गेली आणि तिच्याआड झाकलेली क्लासवरची नोंद उघडी पडली. पुन्हा ‘डेल’ केले की मात्र ‘अ‍ॅट्रिब्यूटएरर’ येते, कारण काढण्यासारखे त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या मालकीचे आता काही उरलेले नाही. वाचताना शोध क्लासपर्यंत जातो, काढताना तो ऑब्जेक्टपाशीच थांबतो. हा फरक पक्का लक्षात ठेवावा. जावास्क्रिप्टची प्रोटोटाइप साखळीही (ऑब्जेक्टवर न सापडलेले नाव ज्या मागच्या ऑब्जेक्टांत शोधले जाते त्यांची रांग) अशीच वागते. फक्त तिथे नसलेला गुणधर्म काढला तर ‘डिलीट’ तक्रार न करता ‘ट्रू’ देते, त्यामुळे नावातली टायपिंगची चूक सहज लपून राहते. रूबीची गुणधर्म काढणारी मेथड काढलेली किंमत परत देते आणि नाव नसेल तर त्रुटी देते. ही रचना जास्त प्रामाणिक वाटते. पीएचपीत हेच काम ‘अनसेट’ करते.

गुणधर्म गेला म्हणजे त्यातली वस्तू नष्ट झाली असे नाही. तुटतो तो फक्त एक संदर्भ, म्हणजे वस्तूकडे नेणारा दुवा. दुसरीकडून कोणी तीच वस्तू धरून असेल तर ती मेमरीत राहते.

वेगावरही परिणाम होतो. जावास्क्रिप्टचे व्ही८ इंजिन (तिचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) एकसारख्या घडणीच्या ऑब्जेक्टना एकच छुपा आराखडा देते. ही कल्पना सेल्फ या भाषेतून आली. मधलाच गुणधर्म ‘डिलीट’ केला की ऑब्जेक्ट सहसा त्या आराखड्यातून बाहेर पडून साध्या शब्दकोशासारखा साठवला जातो आणि त्याचे वाचन मंदावते. म्हणून सतत वापरातल्या ऑब्जेक्टवर किंमत रिकामी करणे बरे. नावे सारखी येणार-जाणार असतील तर मुळातच ‘मॅप’ (नाव-किंमत जोड्या साठवणारी रचना) घ्यावा.

नसण्यालाच अर्थ असतो तिथे मात्र काढणे हाच योग्य मार्ग. पायथन ३.८ पासून असलेली ‘कॅश्ड प्रॉपर्टी’ पहिल्या वाचनात हिशेब करून उत्तर ऑब्जेक्टवर ठेवते. माहिती बदलली की ते नाव ‘डेल’ करायचे. पुढच्या वाचनाला उत्तर सापडत नाही आणि हिशेब नव्याने होतो. तिथे रिकामी किंमत ठेवली असती, तर तीच उत्तर म्हणून परत मिळत राहिली असती.