गोठवलेले खाद्य आणि लहान शोभिवंत मासे : ग्राहकांसाठी माहिती

आमच्या दुकानातून ब्लडवर्म (डासासारख्या किड्याच्या लाल अळ्या), आर्टेमिया किंवा डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव) यांचे गोठवलेल्या वड्यांचे पाकीट नेणाऱ्या ग्राहकांना विनंती आहे की, या खाद्याला कोरड्या दाण्यांच्या नव्हे, तर बाजारातून आणलेल्या मासळीच्या मापाने मोजावे. दुपारभर ओट्यावर राहिलेला बांगडा आपण कालवणात घालत नाही. गोठवल्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते, आणि वडी वितळताच ती पुन्हा सुरू होते. म्हणून पाकीट उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवावे आणि एकदा वितळलेले खाद्य पुन्हा गोठवू नये.

आपल्याकडे खरा प्रश्न विजेचा आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. पण एरवीही पावसाळ्यात, आपण गावाला गेलेले असताना, वीज जाऊन परत आली तर वड्या वितळून पुन्हा गोठतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचे नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, किंवा वड्यांच्या कडा जाऊन त्यांचा एकच गोळा झालेला दिसला, तर किमतीचा विचार न करता पाकीट टाकून द्यावे.

दहा-बारा निऑन टेट्रा माशांना एक संपूर्ण वडी फार होते. सुरीने चतकोर कापून घ्यावी, वाटीत टाकीतलेच थोडे पाणी घेऊन त्यात दहा मिनिटे ठेवावी, मग चहाच्या बारीक गाळणीत ओतून साध्या पाण्याने धुवावी. वाटीत उरलेले लालसर पाणी टाकीत ओतू नये. त्याने माशांचे पोट भरत नाही, शेवाळ मात्र वाढते. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे आणि उरलेले नळीने लगेच काढून घ्यावे, कारण ते कुजून अमोनिया तयार होतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापलेले असताना कुजणे वेगाने होते आणि पाण्यात प्राणवायूही कमी असतो, त्यामुळे त्या दिवसांत हात आखडता ठेवणेच बरे.

ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा पुरे. फायटर मासा ब्लडवर्म हावरटासारखा खातो आणि मग त्याचे पोट फुगते. गप्पी माशाच्या पिल्लांच्या तोंडात ब्लडवर्म मावत नाही, त्यांना सायक्लॉप्स (त्याहून बारीक पाण्यातले जीव) द्यावे.

घरचा जवळा चालेल का, असे बरेचजण विचारतात. मीठ लावलेला सुका जवळा गोड्या पाण्यातील माशांना देऊ नये. ताजा, बिनमिठाचा जवळा धुऊन, बारीक चिरून अधूनमधून द्यायला हरकत नाही. मात्र रोजचे खाद्य म्हणून नको, कारण काही कच्च्या मासळीत आणि कोळंबीवर्गीय जिवांत जीवनसत्त्व ब-1 नष्ट करणारे द्रव्य असते व ते गोठवूनही जात नाही.

ब्लडवर्मची काही माणसांना ॲलर्जी असते. वडी चिमट्याने हाताळावी, नंतर साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये. अंगाला खाज सुटली किंवा शिंका येऊ लागल्या तर ते खाद्य हाताळणे थांबवावे. धाप लागल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.