वरण-भात एकाच ताटात नसला तर प्रोटीन वाया जातं?

श्रावण लागला, बोंबील-सुरमई बंद झाली की गिरगाव-दादरच्या घरांत हा सल्ला हमखास ऐकू येतो: डाळ आणि भात एकाच जेवणात खा, नाहीतर प्रोटीन अर्धवट राहतं.

तसं काही नाही. तांदळात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक (अमिनो आम्ल) कमी, डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, आणि दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात, इथवर खरं. पण ही भरपाई एकाच ताटात व्हायला लागत नाही. सकाळची चपाती आणि रात्रीची उसळ चालते. 1971 साली एका अमेरिकी लेखिकेच्या पुस्तकामुळे ही समजूत फार पसरली. 1981च्या आवृत्तीत तिनेच ती मागे घेतली. तिची दुरुस्ती आपल्याकडे मात्र कुणी वाचलेली दिसत नाही!

खरी अडचण प्रमाणाची आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रोटीन लागतं. वाटीभर पातळ वरणात कच्ची तूरडाळ जेमतेम 25 ग्रॅम, म्हणजे प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. वर भाताचा डोंगर. शिवाय तूरडाळीतही निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात. उपवासाची साबुदाणा खिचडी तर जवळपास निव्वळ स्टार्च. तिच्यातलं प्रोटीन येतं ते दाण्याच्या कुटातून, आणि दाण्यात निम्मं तेल असतं. म्हणून कूट सढळ घातलं तर तूप आवरतं घ्यावं.

डब्यात भात थोडा कमी, मटकीची उसळ घट्ट आणि दुप्पट, सोबत दही. सोयाबीनच्या वड्या कुणाला आवडत नाहीत, पण सुक्या 100 ग्रॅममध्ये 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं.