नैसर्गिक गृहस्वच्छता

घरातली भांडी, कपडे, फरशी, ओटा, मोरी आणि संडास स्वच्छ ठेवण्यासाठी वनस्पतींपासून मिळणारे, खनिज किंवा स्वयंपाकघरातलेच पदार्थ आणि मातीत कुजून जाणारी साधने वापरण्याची पद्धत. रिठा, शिकेकाई, लाकडाची राख, चिंच, लिंबू, आमसूल, सोडा आणि चुना हे तिचे मुख्य पदार्थ. साधनांत केरसुणी, खराटा, काथ्या, घोसाळ्याची जाळी आणि जुन्या सुती लुगड्याचे फडके येतात. महाराष्ट्रातल्या शहरांत ही पद्धत नव्याने रुजू लागली असली, तरी खेड्यांतून ती पुरती कधीच गेली नव्हती.

नैसर्गिक ते निरुपद्रवी आणि रासायनिक ते घातक, ही ढोबळ वाटणी मात्र येथे कामाची नाही. रिठ्यातले द्रव्यही रसायनच आहे आणि ते माशांना मारते. लिंबाचा रस ओट्याचा दगड खातो. मळ कसला आहे, तो कशावर बसला आहे आणि धुतलेले पाणी शेवटी कुठे जाणार, हे पाहून पदार्थ निवडणे यातच या पद्धतीचे मर्म आहे. जुन्या घरांतल्या बायकांना ही निवड शिकवावी लागत नसे. आज ती पुन्हा समजून घ्यावी लागते.

मळ आणि त्यावरचा उतारा

स्वयंपाकघरातला चिकट थर तेलाचा असतो. तो काढायला एकतर अल्कधर्मी पदार्थ हवा, जो तेलाच्या काही भागाचा साबण करतो. नाहीतर एका टोकाने पाण्याला आणि दुसऱ्या टोकाने तेलाला धरणारा रेणू हवा. राख आणि धुण्याचा सोडा पहिल्या जातीचे, रिठा आणि शिकेकाई दुसऱ्या. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या आत चढणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत तो फार लवकर चढतो. साबणाने तो हलत नाही, उलट जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून नवाच चिकट साका तयार करतात. त्याला आम्ल लागते, म्हणजे लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा चिंच. कुकरच्या तळातल्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही, तेही या आम्लामुळेच.

रिठा

या सगळ्या पदार्थांत रिठ्याचे स्थान वेगळे आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतात आढळणारे झाड सॅपिंडस ट्रायफोलिएटस. त्याची फळे दोन-तीन एकमेकांना चिकटलेली असतात. हिमालयाच्या पायथ्याकडचे सॅपिंडस मुकोरोसी, त्याचे फळ सुटे आणि गोल. दोन्हींच्या सुरकुतलेल्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात आणि तीच फेस करतात. आतली काळी, टणक बी धुण्याच्या कामाची नाही, ती काढून टाकावी लागते.

घरी द्रावण करायचे तर बिया काढलेली दहा-बारा फळांची साले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालतात, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळतात, कोमट झाल्यावर हाताने चुरतात आणि फडक्याने गाळून घेतात. हे पाणी उघड्यावर दोन-तीन दिवसांत आंबते. फ्रिजमध्ये थोडे अधिक टिकते. टिकवणारे काहीच त्यात नसल्याने महिन्याचा साठा करून ठेवण्यात अर्थ नाही. धुण्याच्या यंत्रात चार-पाच साले सुती पुरचुंडीत बांधून कपड्यांबरोबर टाकली तरी चालते.

रिठ्याचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते आणि त्याचा खरा उपयोग इथे कळतो. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आहेत. साबणाचे किंवा सोड्याचे अल्कधर्मी पाणी त्यांना रखरखीत करते, रंग उतरवते. घरात पैठणी किंवा शाल धुताना जुन्या बायका रिठाच काढत. सराफही चांदीच्या दागिन्यांवरची धूळ आणि तेलकटपणा रिठ्याच्या पाण्याने काढतात. चांदीचा काळेपणा हा मात्र सल्फाइडचा थर असतो. तो रिठ्याने जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर दागिना ठेवून गरम पाणी, सोडा आणि मीठ घातले तर तो उतरतो.

रिठ्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्याचे तपकिरी पाणी पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक सोडते. घाम, हळद आणि तेलाचे जुने डाग त्याला हटत नाहीत. डोळ्यांत गेल्यास जळजळ होते. आणि अनेक भागांत डबक्यातले मासे पकडण्यासाठी रिठा पाण्यात कुटून टाकण्याची रीत होती, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाव घालते. ही द्रव्ये मातीत जंतूंकडून लवकर विघटित होतात, म्हणून रिठ्याचे पाणी झाडांना घालावे. विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात ते ओतू नये.

भांडी

लाकूड आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक होत होता तोवर भांडी घासायला राख फुकट आणि पुष्कळ होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते तेल तोडते आणि राखेचे बारीक कण खरवडायचे काम करतात. वर नारळाची शेंडी असली की कढईही निघते. दगडी कोळशाची राख यासाठी वापरू नये, तिची घडण वेगळी असते. चूल गेली आणि गॅस आला तशी शहरातून राख गेली, तिच्या जागी आधी पावडर आणि मग वडी आली. आज पाकिटातून विकली जाणारी राख दुरून आणून चुलीची उणीव भरून काढणे मला पटत नाही. ज्याच्या घरी बंब किंवा चूल पेटते त्याने ती जरूर वापरावी. बाकीच्यांना सोडा पुरे.

तांब्या-पितळेला चिंच, आमसूल किंवा लिंबू आणि मीठ. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक आम्ल असते. ती धातूवरचा ऑक्साइड आणि कार्बोनेटचा थर विरघळवतात आणि देवघरातली समई क्षणात उजळते. घासल्यावर लगेच धुऊन कोरडे पुसले नाही, तर उरलेल्या आम्लाने दुसऱ्या दिवशी हिरवट डाग पडतात. कल्हई केलेल्या भांड्याला आतून चिंच आणि खरखरीत घासणी लावू नये, कल्हई पातळ होते. अ‍ॅल्युमिनियमला राख किंवा धुण्याचा सोडा लावू नये, अल्क त्या धातूला खाते आणि भांडे काळे पडते.

जमीन आणि फरशी

मातीच्या जमिनीला शेणाने सारवणे ही स्वच्छतेपेक्षा जमिनीची डागडुजी अधिक आहे. शेणातले न पचलेले तंतू मातीचे कण धरून ठेवतात, धूळ उडत नाही, भेगा बुजतात. कोकणात पावसाळा सरला की खळे नव्याने घालतात, ओली माती चोपण्याने चोपतात आणि मग शेणाने सारवतात. त्या जमिनीवर भात झोडता येतो, पापड वाळवता येतात. शेण जंतुनाशक आहे हा समज मात्र सोडावा. ताज्या शेणात जंतू असतात, त्यात धनुर्वाताचे बीजाणूही असू शकतात. हाताला जखम असताना शेणात हात घालू नये आणि बाळाच्या नाळेजवळ तर शेण किंवा राख कधीच जाऊ देऊ नये.

शहरातल्या घरांची गोष्ट वेगळी. आपल्याकडचे जुने वाडे, चाळी आणि बैठी घरे यांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. पुढे कोटा आला. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवर त्याच कुळातला, आणि मोझेइकच्या लादीत संगमरवराचेच तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. व्हिनेगर, लिंबू किंवा आंबवलेले सालींचे पाणी यांवर पडले की दगडातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळते, चकाकी जाते आणि खरखरीत झालेल्या जागी मळ अधिक बसतो. घर पुसायच्या पाण्यात व्हिनेगर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो या दगडांसाठी चुकीचा आहे. त्यांना साधे पाणी, थोडे साबणाचे किंवा रिठ्याचे पाणी आणि कोरडे फडके पुरते. सिरॅमिक आणि विट्रिफाइड टाइलला सौम्य आम्लाने काही होत नाही, सांध्यांतले सिमेंट तेवढे जपावे.

सोडा, व्हिनेगर आणि सालींचे आंबवण

खाण्याचा सोडा सौम्य अल्क आहे. धुण्याचा सोडा त्याहून बराच तीव्र, तो हाताळताना हातमोजे घालावेत. व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असते. ही दोन्ही एकत्र ओतून फसफसणारे मिश्रण मोरीत सोडण्याची चाल पडली आहे. फेस पाहून काम झाल्यासारखे वाटते, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून सोडियम अ‍ॅसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तेवढे उरते. बुडबुड्यांनी सैल कचरा थोडा हलेल इतकेच. दोन्हींचा गुण हवा असेल तर वेगवेगळ्या वेळी वापरावीत. आधी सोडा चोळून चिकट काढावा, धुवावे, मग क्षारावर व्हिनेगर लावावे.

संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या साली आंबवून केलेले द्रव ‘बायो-एन्झाइम’ या नावाने अनेक घरांत पोचले आहे. थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूमपानवाँग यांनी ही कृती लोकप्रिय केली. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिन्यांचा धीर. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्यावा लागतो. काचेची बाटली फुटू शकते, म्हणून प्लास्टिकची घ्यावी आणि थोडी रिकामी ठेवावी. तयार द्रव आंबट असतो. नावात एन्झाइम असले तरी त्याची सफाई बव्हंशी आम्लामुळे होते. संडासाच्या भांड्यावरचा हलका पिवळेपणा, सिंक आणि टाइल यांना ते चांगले. ओल्या कचऱ्यातल्या साली घरातच जिरतात हा त्याचा मोठा फायदा, आणि मला तो सफाईपेक्षाही मोलाचा वाटतो.

साधने

केरसुणी शिंदीच्या पानांची. महाराष्ट्रात ती बांधण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने मातंग समाजाने जपले, आणि लक्ष्मीपूजनाला घराघरांत नवी केरसुणी पुजली जाते ती त्यांच्याच हातची असते. त्या हातांना मान मात्र समाजाने दिला नाही, हेही या नोंदीत यायला हवे. खराटा नारळाच्या पात्यांच्या हिरांचा, अंगण आणि ओल्या जागेसाठी. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) हातात असे तो हाच, गावे झाडताना. घरात वापरला जाणारा मऊ फुलझाडू ईशान्य भारतातल्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या गवताच्या तुऱ्यांचा असतो. त्याची मूठ प्लास्टिकची असेल, तर झाडू झिजल्यावर ती काढून वेगळी द्यावी.

वेलावरच वाळू दिलेल्या घोसाळ्याची आतली जाळी उत्तम घासणी होते. परसात किंवा बाल्कनीत एक वेल असला तरी वर्षभराच्या घासण्या निघतात. साल सोलून, बिया झटकून, जाळी धुऊन उन्हात वाळवायची. प्लास्टिकच्या घासणीतून सुटणारे बारीक तंतू गटारात जातात. घोसाळ्याची घासणी मऊ पडली की कुंडीत पुरता येते. ती ओली ठेवली तर वास मारते आणि जंतू वाढतात, म्हणून रोज पिळून टांगावी. सुती फडक्यांचेही तसेच: उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवणे हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय.

जिथे ही पद्धत पुरत नाही

स्वच्छ करणे वेगळे आणि निर्जंतुक करणे वेगळे. रोजच्या घराला पहिले पुरते. घरात कुणाला उलट्या-जुलाब लागले असतील, रक्त सांडले असेल, तर व्हिनेगर, कडुलिंबाचे पाणी किंवा सालींचे आंबवण यांवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटना पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का आणि रक्त वगैरे सांडल्यास ०.५ टक्के क्लोरीनचे द्रावण सुचवते. आधी साबणाने धुवावे, मग हे लावावे. या क्लोरीनमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो.

पाणी आणि नदी

पश्चिम महाराष्ट्रात घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सुरू केलेल्या निरमासारख्या स्वस्त पावडरींनी धुणे सोपे केले, बायकांचे कष्ट कमी केले, आणि ते खरोखर मोठे होते. पण त्याच बरोबर घराघरांतले डिटर्जंट गटारातून नदीत येऊ लागले. धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते. आळंदीजवळ इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना वारंवार दिसला आहे. त्यामागे कारखान्यांचे पाणी आहे, तसे शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणीही आहे. एका घराने रिठा वापरून नदी स्वच्छ होणार नाही, त्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे नीट चालावी लागतात. घराच्या हातात जे आहे ते मात्रेचे: पाकिटावर लिहिले आहे त्याहून जास्त पावडर न घालणे, फॉस्फेटविरहित पावडर निवडणे, धुणे नदीकाठी घेतले तरी साबणाचे पाणी काठापासून दूर जमिनीत मुरू देणे.

बाजारात ‘हर्बल’, ‘ग्रीन’, ‘केमिकल-फ्री’ अशी लेबले पुष्कळ आहेत. भारत सरकारने १९९१ मध्ये मातीच्या घटाचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना आणली, तिच्यात साबण आणि डिटर्जंटही होते. २०२४ मध्ये तिचे नवे नियम निघाले. दुकानात हे चिन्ह क्वचितच सापडते. म्हणून घटकांची यादी वाचावी, आणि जिथे यादीच छापलेली नाही ती बाटली, तिच्यावर कितीही हिरवी पाने काढलेली असली तरी, परत ठेवावी.